‘ध’चा ‘मा’ : एका वधाचा वाङ्मयीन निकाल

इतिहासातील काही प्रसंगांची हकीकत ग्रंथांतून वाचण्यापूर्वीच आपल्या कानांवरून गेलेली असते. नारायणराव पेशव्यांचा वध हा महाराष्ट्रापुरता तरी अशा प्रसंगांत अग्रस्थानी ठेवावा लागेल. शाळेत जाणाऱ्या मुलास पानिपतची तिथी सांगता येणार नाही, साल्बाईच्या तहाचे नावही त्याने कदाचित ऐकलेले नसेल. परंतु ‘काका, मला वाचवा’ हा आक्रोश त्यास ठाऊक असतो, आणि कोणी कागदावरच्या मजकुराचा विपर्यास केला की ‘ध चा मा केला’ असे म्हणावयास तो शिकलेला असतो. पहिल्या उद्गाराची दंतकथा झाली असून ती शनिवारवाड्याच्या पडक्या भिंतींभोवती अद्याप घुटमळत आहे. दुसऱ्याची म्हण झाली. एखादी गोष्ट म्हणीच्या रूपाने भाषेत शिरली म्हणजे तिची शहानिशा करण्याचे कारण कोणास उरत नाही, कारण म्हण ही पुराव्याने सिद्ध व्हावी लागत नाही. ती वापराने सिद्ध होते.

या वधाचा ऐतिहासिक उलगडा करण्याचा आमचा येथे हेतू नाही. तो अधिकार संशोधकांचा आहे. आम्हांस पाहावयाचे आहे ते इतकेच की, ज्या खुनाचा निर्विवाद निवाडा न्यायासनापुढे कधी झाला नाही, त्याचा निकाल आपल्या वाङ्मयाने व रंगभूमीने कसा लावून टाकला, आणि तसे करताना कोणास पदरात घेतले व कोणास सुळी दिले. हा प्रश्न वाङ्मयविचाराचाच आहे, आणि त्याकडे पाहिजे तितके लक्ष गेलेले नाही असे आम्हांस वाटते.

प्रथम ज्याविषयी वाद नाही तेवढे सांगतो. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले, आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. त्यांचे वय तेव्हा अवघे सतरा वर्षांचे. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, हे पराक्रमी होते, महत्त्वाकांक्षी होते आणि दीर्घकाळ असंतुष्ट होते. १७६८ साली धोडपच्या लढाईत पुतण्याकडून पराभव पावून ते नजरकैदेत पडले होते. माधवरावांच्या अंतकाळी समेट झाला, परंतु तो टिकला नाही, आणि १७७३ साली दादा पुन्हा शनिवारवाड्यातच बंदोबस्तात आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपदाच्या दिवसांत, भरदुपारी सुमेरसिंग, खरकसिंग व महंमद इसफ यांच्या गारद्यांनी वाड्यात शिरून धुमाकूळ घातला. थकलेल्या पगाराची ओरड हे वरकरणी निमित्त होते. नारायणराव चुलत्यांच्या दालनाकडे धावले व त्यांस त्यांनी मिठी मारली. त्या मिठीतून त्यांस ओढून काढून मारण्यात आले. आड आलेला चाफाजी टिळेकर हा सेवक धन्याबरोबर कापला गेला, आणि आणखीही कित्येक जीव त्या दिवशी वाड्यात गेले. थोड्याच काळात पेशवाईची वस्त्रे राघोबादादांच्या अंगावर चढली.

पुढे रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ती हकीकत दिली आहे. शास्त्रीबोवांनी सुमारे सहा आठवडे शोध घेतला, दादांवर ठपका ठेवला, आणि प्रायश्चित्त काय असे विचारले असता देहान्ताखेरीज दुसरे नाही असे तोंडावर सांगून ते पुणे सोडून वाईजवळच्या गावी निघून गेले. दादांनी त्यांच्यापाशी एवढे कबूल केले की, पुतण्यास धरण्याचा हुकूम आपण महंमद इसफास दिला होता, मारण्याचा दिला नव्हता. मूळ कागद पुढे शास्त्रीबोवांच्या हाती आला व त्यांत ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ झालेले आढळले असे डफ लिहितो. ही अक्षरे आनंदीबाईंनी बदलली असा सर्वांचा समज आहे, असे तो पुढे जोडतो.

या शेवटच्या दोन वाक्यांकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. पहिल्यात एक कागद आहे. दुसऱ्यात केवळ समज आहे. कागदात फेरफार झाला होता असे घटकाभर मानले, तरी तो कोणाच्या हाताने झाला हे त्या कागदावर लिहिलेले असणे शक्य नव्हते. डफ हा परका असूनही त्याने ‘समज’ हा शब्द जागेवर ठेवला, हे त्याचे भान. त्यानंतरच्या दीडशे-दोनशे वर्षांत आपण मात्र तो शब्द गाळला व उरलेल्या वाक्याची म्हण केली. तो मूळ कागद इतिहाससंशोधकांच्या हाती लागलेला नाही, आणि या कथेविषयी अभ्यासकांनी वेळोवेळी शंकाही प्रकट केल्या आहेत. पण त्या शंका ग्रंथांत राहिल्या. म्हण घरोघर गेली.

कथा म्हणून ती किती टिकते हेही क्षणभर पाहू. ‘धरावे’चे ‘मारावे’ करावयाचे म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरे घालून भागत नाही, पुढे एक कानाही द्यावा लागतो. हात न उचलता लिहिलेल्या मोडीच्या ओळीत अशी दुरुस्ती खाडाखोडीवाचून बसावी, व ती हुकूम घेणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये, हे अशक्य नसले तरी सहजही नाही. शिवाय राज्याच्या धन्यास मारण्याचा हुकूम जे लोक पाळावयास निघाले, ते केवळ एका चिठ्ठीतील एका शब्दावर विसंबून निघाले काय? त्यांस पैका कबूल झाला असेल, अभय मिळाले असेल, तोंडी बोलणी झाली असतील. कोणताही भाडोत्री शिपाई इतके मोठे काम शुद्धलेखनावर सोपवीत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की, ही कथा कोणाच्या सोयीची आहे? आनंदीबाईंच्या तर नव्हेच. ती राघोबादादांच्या कबुलीजबाबाशी सांगड घालून जन्मास आलेली आहे. आरोपीने ‘मी एवढेच सांगितले होते’ म्हणावे, आणि लगेच उरलेला दोष वाहून नेण्यास दुसरे मनुष्य हजर व्हावे, याहून आरोपीच्या भाग्याची गोष्ट कोणती?

आमच्या मते या कथेने केलेली खरी करामत याहूनही सूक्ष्म आहे. ‘ध’ की ‘मा’ एवढाच वाद सुरू झाल्यावर ‘ध’ हे अक्षर आपोआप निर्दोष ठरते. जणू काय मूळ शब्द ‘धरावे’ असा असता तर सर्व काही ठीकच होते! परंतु गादीवर बसलेल्या पेशव्यास, त्याच्याच वाड्यात, पगारासाठी बिथरलेल्या सशस्त्र गारद्यांकडून धरविणे हा कोणत्याही राज्यात राजद्रोहच होय. ज्याने असा हुकूम दिला त्यास पुढच्या रक्ताची कल्पना नव्हती असे म्हणणे म्हणजे गवताच्या गंजीस काडी लावून, मला केवळ उजेड पाहिजे होता, असे म्हणण्यासारखे आहे. म्हणून म्हणीतील कथा अक्षरशः खरी धरली तरीही दादांचा अपराध पुराच्या पुरा शिल्लक राहतो. तो त्यांच्याच कबुलीने सिद्ध आहे, आणि त्यासाठी कोणत्याही कागदाची गरज नाही. रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते राघोबादादांना, हे येथे विसरता कामा नये. कागदाच्या फेरफाराने शास्त्रीबोवांचा निर्णय बदलला नाही. बदलला तो आपला.

मग वाङ्मयास हीच कथा इतकी का रुचली? उत्तर कठीण नाही. नाटककारास एक वस्तू हातात मिळाली, की जी रंगभूमीवर दाखविता येते: दौत, लेखणी, कागद आणि एक हात. राजकारणाचे गुंतागुंतीचे जाळे दाखविण्यास पाच अंक पुरत नाहीत; एक अक्षर बदलण्यास एक क्षण पुरतो. त्यातून तो हात स्त्रीचा. दुबळा नवरा आणि महत्त्वाकांक्षी बायको ही जोडी आपल्याकडे कैकेयीपासून ठाऊक होती, आणि इंग्रजी विद्येबरोबर मॅकबेथ व त्याची पत्नी आल्यावर तिला नवे तेज चढले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी नाटककार पौराणिक विषयांवरून ऐतिहासिकाकडे वळले, तेव्हा पेशवाईच्या घरातच त्यांस हे दांपत्य तयार सापडले.

हा केवळ आपलाच दोष आहे असेही नाही. इंग्लंडात १४८३ साली लंडनच्या गढीतून दोन राजपुत्र नाहीसे झाले. ते कोणी मारले याचा निर्विवाद पुरावा आजही नाही. परंतु शेक्सपिअरने तिसऱ्या रिचर्डास खुनी म्हणून रंगभूमीवर उभे केले, आणि त्या पाठीच्या कुबडासह तो जगाच्या मनात कायमचा खुनी झाला. थोर कवीचा शब्द हा न्यायाधीशाच्या शब्दाहून जबर ठरतो, कारण न्यायाधीशाच्या निकालावर अपील असते. मात्र इंग्रजांनी पुढे निदान रिचर्डाच्या बाजूने वाद घालणाऱ्यांची एक परंपरा निर्माण केली; मंडळे काढली, कादंबऱ्या लिहिल्या. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ मुलांच्या पुस्तकांतून व व्यासपीठांवरून निःशंकपणे वापरला जातो, आणि तो वापरताना आपण एका नाव असलेल्या बाईवर खुनाचा आरोप करीत आहो याची जाणीवही बोलणाऱ्यास नसते.

या विषयावरील मराठी नाटकांत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’चा मान निःसंशय पहिला. १९०९ साली ते रंगभूमीवर आले. लोकमान्य त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते, आणि ‘केसरी’शी खाडिलकरांचा संबंध किती निकटचा होता हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या १९०७ सालच्या ‘कीचकवधा’वर पुढे १९१० साली सरकारने बंदी घातली. अशा काळात लिहिलेले नाटक इतिहासाच्या निमित्ताने वर्तमानाशी बोलणार हे उघड होते. घरातील दुहीने स्वराज्य बुडते हा त्याचा संदेश, आणि तो त्याच्या नावातच गोठविलेला आहे.

या नाटकाचे गुण मोठे आहेत. पात्रांची टक्कर शब्दांच्या टकरीतून उभी करण्यात खाडिलकरांचा हात धरणारे थोडेच. राघोबादादांची चंचलता, क्षणात शौर्य व क्षणात पश्चात्ताप, हा स्वभाव त्यांनी असा पकडला आहे की नटास त्यात आपले सर्व सामर्थ्य पणास लावावे लागते. आनंदीबाईंची व्यक्तिरेखा तर मराठी रंगभूमीवरील अत्यंत बलवान स्त्रीभूमिकांपैकी एक होय. तीत केवळ दुष्टपणा नाही. मानखंडना आहे, वर्षानुवर्षांची कैद आहे, पराक्रमी नवऱ्याचे वाया गेलेले आयुष्य पाहणाऱ्या बायकोची जळफळ आहे. आणि या दोघांसमोर रामशास्त्री उभे राहतात, तेव्हा नाटक घरच्या भांडणाच्या पातळीवरून एकदम वर जाते. सत्तेच्या तोंडावर सत्य सांगणारा निःशस्त्र ब्राह्मण हे दृश्य १९०९ सालच्या प्रेक्षकास काय वाटले असेल, याची कल्पना आजही करता येते.

परंतु गुणांच्या या तेजामुळेच एक गोष्ट झाकली जाते. ‘भाऊबंदकी’ हा शब्दच एक निकाल आहे. जे घडले ते घरातले भांडण, असे तो म्हणतो. घरातल्या भांडणात दोष नेहमीच बाहेरून आलेल्या सुनेवर येऊन ठेपतो, हा आपल्या कुटुंबसंस्थेचा जुनाच न्याय. भाऊ-भाऊ, चुलते-पुतणे मूळचे चांगले. त्यांच्यात विष कालविले ते बायकांनी. ओकांच्या घरातून पेशव्यांच्या घरात आलेल्या आनंदीबाई या न्यायाच्या सहज भक्ष्य झाल्या. राज्याच्या प्रमुखाचा खून हा कौटुंबिक कलहाच्या सदरात टाकला, म्हणजे राज्याविषयीचे प्रश्न विचारण्याचे उरत नाही. गारद्यांचा पगार का थकला? राजधानीत, राजवाड्यात सशस्त्र टोळी दिवसाढवळ्या कशी शिरली? पहारे कोठे होते? नारायणरावांस कैद करण्याचा बेत दरबारातील किती मुत्सद्द्यांस आधी ठाऊक होता? हे प्रश्न राजकीय आहेत, आणि ‘भाऊबंदकी’च्या दिवाणखान्यात त्यांस बसावयास जागा नाही.

खाडिलकरांनंतरची वाट त्याच दिशेने गेली. १९४४ साली प्रभात कंपनीने ‘रामशास्त्री’ हा बोलपट काढला. गजानन जागीरदारांचा रामशास्त्री ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत, आणि ललिता पवारांनी उभी केलेली आनंदीबाईही विसरता येत नाही. न्यायाधीशाची निःस्पृहता हा त्या चित्राचा प्राण. पण त्या निःस्पृहतेचा प्रकाश पडावा म्हणून तेथेही आनंदीबाईंची सावली काळीच करावी लागली. पुढे १९६२ साली रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली व तिने मराठी घराघरांत माधवरावांस नेऊन बसविले. ती कादंबरी थेऊरपाशी थांबते. माधवरावांचे चरित्र म्हणून ते योग्यच आहे. तथापि असे वाटल्यावाचून राहत नाही की, सत्पुरुषाच्या मृत्यूवर रडणे वाचकास जितके रुचते, तितके त्यानंतरच्या नऊ महिन्यांत त्याच वाड्यात काय शिजले हे पाहणे रुचत नाही.

वस्तुतः या कथेतील ज्यांच्यावर कोणाचेच लक्ष गेले नाही ती माणसेच सर्वांत बोलकी आहेत. चाफाजी टिळेकर हा धन्याच्या अंगावर पडून मेला. त्यास कोणत्या पक्षाचे काय घेणे होते? नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होत्या. पुढे कारभाऱ्यांनी त्यांस पुरंदरावर नेले, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी त्यांस पुत्र झाला, तो सवाई माधवराव. ज्या बाईचा नवरा मारला गेला, तिच्या पोटातील मुलावर एका राज्याचे भवितव्य टांगलेले असावे, आणि ती बाई मात्र वाङ्मयात जवळजवळ मुकी असावी, हे विलक्षण आहे. एका बाईवर सर्व दोष घातल्यावर दुसऱ्या बाईस बोलावयाचे काही राहिले नसावे.

आणि ते गारदी. नाटकांत ते राक्षस म्हणून येतात व जातात. पुढे त्यांच्यापैकी काहींस पकडून देहान्त शासनही झाले. म्हणजे शस्त्र धरणारा हात सापडला आणि कापला गेला. ज्याच्या हुकुमाने तो उठला तो मात्र शेवटपर्यंत मोकळा राहिला. बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावर दादा पुण्याबाहेर पडले व इंग्रजांच्या आश्रयास गेले. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस तह करून साष्टी व वसई देण्याचे त्यांनी कबूल केले. १७७८ सालच्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांचे सैन्य त्यांस गादीवर बसविण्यासाठी खाडी ओलांडून पनवेलीस उतरले आणि घाट चढू लागले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास त्याचा धुव्वा उडाला, तरी युद्ध १७८२ च्या साल्बाईच्या तहापर्यंत चालूच राहिले. दादा १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावी आपल्या मृत्यूने वारले. त्यांचे चिरंजीव १७९६ साली पेशवे झाले, आणि १८१८ साली त्या दुसऱ्या बाजीरावांबरोबरच पेशवाई संपली. एका अशासित खुनाची ही व्याप्ती आहे. ती एका अक्षराच्या चमत्कारात मावत नाही.

आज आम्ही जेथे बसून हे लिहीत आहो, ती नवी मुंबई त्या पनवेलच्या वाटेवरच वसलेली आहे. १९७० नंतर सिडकोने आखलेल्या या शहरास स्वतःचा इतिहास नाही असे पुष्कळ लोक म्हणतात. पण राघोबादादांसह इंग्रजी फौज याच किनाऱ्याने गेली हे ध्यानात घेतले, म्हणजे शनिवारवाड्यातील त्या दुपारचे पडसाद येथवर आले होते हे पटेल. वाशीच्या नाट्यगृहास विष्णुदास भाव्यांचे नाव दिलेले आहे. १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ करून ज्याने मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोविली, त्याच्या नावाच्या रंगमंचावर इतिहासाचा हा धडा नव्याने वाचला जावा, अशी अपेक्षा करणे अस्थानी होणार नाही.

कारण असे वध हे केवळ पेशवाईचे वैशिष्ट्य नव्हे. १६ ऑक्टोबर १९५१ रोजी रावळपिंडीस भर सभेत पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांस गोळी घातली गेली. मारेकरी तेथल्या तेथे पोलिसांच्या गोळीने पडला, आणि त्याच्यामागे कोणी होते की नाही हा प्रश्न त्याच्याबरोबर पुरला गेला. येथेही हाताचा पत्ता लागला, हुकुमाचा नाही. फार दूर कशास, याच नव्या मुंबईत कळंबोलीनजीक ३ जून २००६ रोजी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील काँग्रेसचे पुढारी पवनराजे निंबाळकर व त्यांचे मोटारचालक यांची गोळ्या घालून हत्या झाली. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला व खटला वर्षानुवर्षे चालला. न्यायालयाच्या कक्षेतील त्या प्रकरणाच्या गुणदोषांत शिरणे आम्हांस योग्य वाटत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, न्यायालयास एक पुरावा तोलावयास जेथे वर्षे लागतात, तेथे चव्हाट्यावर निकाल एका सायंकाळी लागतो, आणि तो लावताना पुराव्यापेक्षा कथेची सुबकताच अधिक पाहिली जाते. ही सवय आपल्यात कोठून आली असे कोणी विचारल्यास, तिचा एक झरा आपल्या ऐतिहासिक नाटकांतून वाहत आला आहे असे म्हणावे लागेल.

यावर एक आक्षेप येणार हे आम्ही जाणून आहो. नाटककार हा बखरकार नव्हे. दंतकथेतून, ऐकीव गोष्टींतून, स्वतःच्या कल्पनेतून पात्रे घडविण्याचे त्यास स्वातंत्र्य आहे. कागदपत्रांच्या दोऱ्याने त्याचे हात बांधाल तर नाटकच मरेल. हा आक्षेप आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. खाडिलकरांची आनंदीबाई रंगभूमीवरून काढून टाकावी असे आम्ही म्हणत नाही. ती गेली तर मराठी नाटक दरिद्री होईल. परंतु स्वातंत्र्याचा अर्थ सर्वांनी पिढ्यान्पिढ्या एकच कल्पना करावी असा नाही. ज्या घटनेत निश्चित तेवढे थोडे व अनिश्चित तेवढे पुष्कळ, तेथे कल्पनेस दहा वाटा मोकळ्या असतात. आपण दहांपैकी एकच वाट तुडविली, आणि तीही आरोपीने दाखविलेली. ही तक्रार इतिहासाच्या बाजूने नसून कलेच्या बाजूनेच आहे. ज्या प्रसंगात दोषी कोण हे पडदा उघडण्यापूर्वीच प्रेक्षकास ठाऊक असते, तेथे नाट्य उरते ते केवळ वक्तृत्वाचे.

दुसराही एक आक्षेप संभवतो. आनंदीबाई निरपराध होत्या असे तरी कोठे सिद्ध झाले आहे? नाही झालेले, आणि आम्ही त्यांचे वकीलपत्र घेतलेले नाही. पतीस गादी मिळावी अशी त्यांची इच्छा असणे स्वाभाविक होते, आणि दादांच्या राजकारणात त्यांस गती नव्हती असे समजण्याचेही कारण नाही. परंतु संशय आणि अपराध यांतील अंतर हेच तर रामशास्त्र्यांचे शास्त्र होते. ज्या महाराष्ट्राने रामशास्त्र्यांस न्यायाचा आदर्श मानले, त्याने त्यांच्याच नावाच्या छायेत पुराव्यावाचून निकाल द्यावा, हा विरोध आपल्या ध्यानात कसा आला नाही, याचे मात्र नवल वाटते.

तेव्हा या विषयावर नवे नाटक कोणी लिहावयास घेईल, तर त्यास आमची सूचना एवढीच आहे. कागदाच्या त्या दृश्यापासून त्याने दूर राहावे. त्याने आपला पडदा वधानंतरच्या त्या सहा आठवड्यांवर उघडावा. खून झाला आहे. ज्याच्यावर संशय आहे तो गादीवर बसला आहे. ज्याने चौकशी करावयाची तो त्याच गादीचा सेवक आहे. साक्षी देणारे रोज सकाळी वाड्यात जाऊन नव्या धन्यास मुजरा करीत आहेत. कोणास काय ठाऊक होते व कोण गप्प बसला, हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेले आहे. गंगाबाई आतल्या दालनात दिवस मोजीत आहेत. आनंदीबाईही तेथेच आहेत, आणि शहरात आपल्याविषयी काय बोलले जात आहे हे त्यांच्या कानांवर येऊ लागले आहे. त्या खऱ्या आहेत की खोट्या हे नाटककाराने सांगू नये. शेवटी एक वृद्ध शास्त्री धन्यास उत्तर देतो व सामान बांधून निघून जातो, आणि वाडा पूर्ववत चालू राहतो.

असे नाटक पाहून घरी जाणारा प्रेक्षक कदाचित असमाधानी असेल. खून कोणी केला, असे त्याने वाटेत सोबत्यास विचारले, तर ते नाटक साधले असे आम्ही समजू. आणि हुकूम देणाऱ्यास पुढे काय झाले, असे विचारले, तर त्याहूनही अधिक.